थांब्यावर ठेवलेल्या वहाणा

जर्मनांशी लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षी वडगव्हाणच्या शिवारात छोट्या आगगाडीचा नवा थांबा झाला. ही गाडी उतारूंना जंक्शनावर मोठ्या गाडीस मिळवून देईल, अशी दवंडी गावोगाव पिटली गेली होती. प्रत्यक्षात ती कधीही वेळेवर येत नसे, आली तरी लवकर हलत नसे, आणि मोठी गाडी तिच्यासाठी मुळीच थांबत नसे.

म्हणूनच त्या बुधवारी गाडी समोर उभी असतानाही बापूराव बारी बाभळीखाली निवांत चिलीम ओढत बसले होते. त्यांची कन्या कस्तुरा विशीतली होती. तिला मामाच्या गावी न्यायचे होते, कारण तेथे पाहुणे तिला पाहण्यास येणार होते.

कस्तुरा मात्र गाडीकडे पाहत होती. एक उंच तरुण नागवेलीच्या पानांच्या डाल्या डब्यात चढवीत होता. शेवटची डाली आत गेल्यावर त्याने पायांतील जोडे काढले, खडीवर जुळवून ठेवले आणि अनवाणी डब्यात पाऊल टाकले. तोच शिटी झाली — आणि जन्मात कधी घाई न केलेली ती गाडी चालू लागली!

तरुण दारात धावला. त्याने जोड्यांकडे पाहिले, मग कस्तुराकडे… आणि तिला हसू फुटले.

"आवो, थांबा! थांबा!" बापूराव चिलीम टाकून धावले; पण व्यर्थ.

वांग्यांची पाटी घेऊन मागे राहिलेली हौसाबाई म्हणाली, "पाहा वं माय! येड्याले वाटलं, देवळातच चाल्ला!"

"येडा नाही, हौसाकाकू," कस्तुराचे हसू एकाएकी मावळले. "डब्यात पानं होती."

पानमळे पिकविणाऱ्या बारी लोकांच्या घरी नागवेल ही देवताच होय. पानमळ्यात कोणी पायताण घालून शिरत नाही, आणि पानांची डाली जेथे ठेवली तेथेही नाही. कस्तुराने ते जोडे उचलून गाठोड्यात बांधले.

पुढील बुधवारी पाहुणे पुन्हा येणार होते. या खेपेस मुलगी दिसली नाही तर दुसरे घर पाहू, असा त्यांचा स्पष्ट निरोप होता. बापूरावांनी शेलूबाजारच्या बाजारातून कन्येसाठी नव्या वहाणा आणल्या आणि सकाळीच थांबा गाठला. गाडीचा पत्ता नव्हता. ऊन चढले. उतारू रुळांकडे पाहून शिव्या देऊ लागले.

तो तरुण तापलेल्या खडीवर अनवाणी उभा होता. कस्तुराने गाठोडे सोडून जोडे त्याच्यापुढे ठेवले.

"तुमचे हायेत. गाडीनं न्यायचे राहून गेले."

तरुण लाजला. त्याचे नाव चंपत. "साऱ्या डब्यानं हासलं मले. तुमी बी हासल्या… म्या पाह्यलं."

"हासली. पण आमी बी बारीच हावो."

"मंग काहून हासल्या?"

"तुमचं तोंड पाहून!"

चंपतने डालीवरचे ओले फडके उचलले. आतील पाने उष्णतेने काळवंडू लागली होती. कस्तुरा खाली बसली, सडलेले पान वेचून काढू लागली, चांगल्यावर पाणी शिंपडू लागली. एका पानावर दोघांची बोटे टेकली… आणि दोघांनीही ती लगेच उचलली नाहीत.

"या गाडीपायी निम्मी डाली फेका लागते," चंपत म्हणाला.

"मंग येता कायले?"

"मागच्या बुधवारपासून कारण बदललं."

कस्तुराने मान खाली घातली. "आमी मामाच्या गावी चाल्लो. मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले."

चंपतचा हात डालीतच थांबला. फडके पुन्हा पानांवर ओढून तो म्हणाला, "मंग आज तरी भेटो तुमाले मोठी गाडी."

"तुमाले तसंच वाटते काय?"

"माह्या वाटण्यानं गाडी चालते काय?"

दुपार कलल्यावर गाडी आली. चंपतने डाल्या चढविल्या आणि या वेळी जोडे दुसऱ्या फडक्यात बांधून काखेत घेतले. बापूराव लगबगीने दाराशी गेले. आतून पानांचा वास आला, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी जोडे खडीवर काढले. कस्तुरा क्षणभर उभी राहिली. मग तिने नव्या वहाणा काढून वडिलांच्या जोड्यांशेजारी जुळवून ठेवल्या आणि ती आत आली.

गाडी सुटली.

"माह्ये जोडे!" बापूराव ओरडले. "अन् तुह्या वहाणा? आता पाहुण्याइले काय अनवाणी पोरगी दाखवू?"

चंपतने फडके सोडले. त्याचा चेहरा उतरला होता, तरी तो म्हणाला, "काका, जंक्शनावर उतरले का हे घाला. तुमचं काम अडू नये."

बापूरावांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. मग ते कन्येकडे वळले. "तू त मागच्या खेपी सारं पाह्यलं होतं वं. तुह्या वहाणा कशा राह्यल्या?"

"राह्यल्या नाही, बाबा… ठेवल्या."

"काहून?"

"परत इथंच याचं हाये म्हणून."

चंपत पानांकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते. बापूराव त्याच्याकडे वळून म्हणाले, "कोनाचा रे तू? मळा कुठीसा हाये?"

जंक्शनावर मोठी गाडी निघून गेली होती. त्या दिवशी बापूरावांनी तिला एकही शिवी दिली नाही. ते चंपतला इतकेच म्हणाले, "पुढल्या आठवड्यात मळा पाहाले येतो. पण बैलगाडीनं! या गाडीच्या भरवशावर पोरगी म्हतारी होईन."

पाने जंक्शनावर देऊन संध्याकाळी त्याच गाडीने तिघे थांब्यावर परतले. कुत्र्यांनी पळवू नयेत म्हणून थांब्यावरच बसून राहिलेल्या हौसाबाईने जोडे आणि वहाणा आपल्या पाटीखाली झाकून ठेवल्या होत्या. बापूराव जोडे घालून पुढे निघाले. कस्तुराने मात्र वहाणा हातात घेतल्या आणि ती चंपतच्या शेजारून चालू लागली.

"घाल ना वहाणा," चंपत हळूच म्हणाला. "डाली रिकामी हाये आता."

"रिकामी असो," कस्तुरा म्हणाली. "डाली त हाये ना."