मोकळी ओळ

कल्याणची गोची अशी, की त्याला लाल-हिरव्यातला फरक कळायचा नाही, आणि कंपनीनं नेमकं रंगांचंच काम गळ्यात घातलं. त्यांच्या प्रोग्रामच्या काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं उमटायची, तीही सोळाच रंगांत. आता दोनशे छप्पन्न हवे होते. खोट सांगितली तर नोकरी जायची. म्हणून मिरजगावच्या घरात, भर दुपारी, बायको ज्योती शेजारी बसून त्याला एकेका ओळीचा रंग सांगत होती.

"पोपटी. आमसुली. ही मोरपंखी. फुडं काय न्हाई."

"अगं, ओळ हाय की हितं."

"मोकळंच हाय ते."

कल्याणला मात्र ती ओळ लख्ख दिसत होती. उभ्या जन्मात न पाहिलेला रंग होता तो.

ज्योती चहा ठेवून गेली. पडद्याचा उजेड कपावर पडत होता, आणि बघता बघता कपही त्याच रंगाचा झाला. थोड्या वेळानं ती कप न्यायला आली आणि नाकासमोर असलेला कप शोधू लागली.

"कप कुठं ठिवला वो?"

कल्याणनं घाबरून लॅपटॉप मिटला. कप त्यालाही दिसेना. हात लावला तर जागेवरच होता, कोमट. त्यानं पुन्हा झाकण उघडलं, प्रोग्राम लावला, तेव्हा कप दिसला. हे आत्ताच्या आत्ता काढून टाकायचं, असं त्यानं ठरवलं.

तेवढ्यात तीन वर्षांची लेक आरती त्याच्या मांडीवर चढली आणि तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

रंग बोटावरून मनगटावर गेला, तशी पडद्यावरची ओळ फिकी पडत गेली. मग कोपरावर. मग गालावर.

ज्योती दारात आली. "आरती हिकडं आली का वो?"

"आई," आरती म्हणाली.

ज्योतीला ते ऐकूच गेलं नाही. ती हाका मारत अंगणात गेली.

कल्याणनं लेकीला घट्ट धरलं. आता पडदा चालूच ठेवायचा होता, काही झालं तरी.

बाबानं आपल्याकडं बघावं म्हणून लॅपटॉपचं झाकण पाडायचं, ही आरतीची रोजची खोड.

ती खुदकन हसली. झाकण पडलं.

कल्याणनं ते ओढून उघडलं. प्रोग्राम लावला. ओळी एकेक करून आल्या.

मोरपंखीच्या पुढं मोकळंच होतं.

त्याच्या मांडीवर कोमट ओझं हललं.