इंजिन गार होईपर्यंत

लाइट गेली ते एका परीने बरंच झालं. असती तर तुम्ही सगळे मोबाइलमध्ये डोकी खुपसून बसला असता आणि मी भिंतीशी बोलत राहिलो असतो. दार लोटून घ्या. आणि काय रे, तू मघापासून नव्या गाडीसाठी बापामागे भुणभुण लावली आहेस ना, तू जरा पुढे सरक. गोष्ट गाडीचीच आहे.

अमावास्या होती का, असं कुणी विचारू नका. नव्हती. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा गुरुवार, आणि बाहेर सांडलेली सुई सापडावी इतकं चांदणं.

आमच्या वर्कशॉपात लेथवर एक गृहस्थ होता, बावन्न-त्रेपन्न वयाचा. त्याला सगळे वैद्य म्हणायचे. औषधं द्यायचा म्हणून नव्हे. मशीन बिघडलं की हा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक मशीनला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग सांगायचा, "बेअरिंग गेलंय. डावीकडचं." उघडून बघावं तर डावीकडचंच गेलेलं. कुणीतरी एकदा म्हणालं, "वैद्यबुवा, साहेबांच्या डोक्याला लावून बघा की." हा गंभीरपणे म्हणाला, "आवाज यायला आत काहीतरी फिरावं लागतं."

हे कसब त्याला मोठ्या भावाने दिलेलं. बाप लवकर गेला, त्यामुळे बाप म्हणा, मास्तर म्हणा, सगळं दादाच. दादाकडे एक जुनी मोटरसायकल होती. एकच सिलिंडर, गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. तिच्यावर त्याने वैद्याला गाडी शिकवली, स्वतः मागे बसून. ओरडायचा नाही. खांद्यावर एक थाप पडली की गियर वर, दोन पडल्या की खाली. पुढे संसार वाढला, दादाने ती गाडी विकून टाकली. विकली त्या दिवशी चालत घरी आला आणि न जेवता झोपला. तो विषय घरात परत कुणी काढला नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठ महिने माणूस पलंगावर. नोव्हेंबरात डॉक्टरांनी वैद्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. त्याच संध्याकाळी गल्लीतून तसलीच एक जुनी गाडी धडधडत गेली. दादाने डोळे उघडले. डाव्या हाताची चार बोटं चादरीवरच आत वळली. सावकाश सुटली. वैद्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. तो क्लच होता.

झालं. वैद्याने मनाशी ठरवलं, दादाला त्याच्याच गाडीचा आवाज एकदा ऐकवायचा. जुने नंबर पाठ होते, पाटीचा आणि इंजिनचाही. ओळखीच्या सगळ्या मेकॅनिकांना कामाला लावलं. गुरुवारी दुपारी निरोप आला, पन्नास किलोमीटरवरच्या एका गावात रिटायर झालेल्या कंपाउंडरकडे ती गाडी आहे, चालू आहे, आणि त्याला विकायचीही आहे. वैद्य पाळी संपवून बसमध्ये बसला. जाताना वहिनीला फोन केला, "रात्री गाडी घेऊनच येतो. दादाला सांगा."

तो कंपाउंडरच्या दारात पोचला तेव्हा आठ वाजले होते. एकटा माणूस, नीटनेटकं घर. गाडी मागच्या खोलीत, चादरीखाली. चादर ओढल्यावर वैद्याने तिला लगेच ओळखलं, पण विकणाऱ्यासमोर तसं दाखवायचं नसतं. त्याने टॉर्च काढला, चिंधीने तेलकट थर पुसून इंजिनचा नंबर वाचला. दादाचीच. मग चेन बघितली, स्पोक वाजवून पाहिले, पुढचा फोर्क दाबला. सगळं ठीक. आणि शेवटी, सवयीने, इंजिनवर तळहात ठेवला.

गरम.

चटका बसावा असं नाही. तापलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा, तसं.

आता हे तुम्हाला कळायला हवं. जुनी गाडी घ्यायला गेलात आणि इंजिन गरम लागलं, तर समजायचं, विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी ती चालू करून ठेवली आहे. गरम इंजिन कुणाच्याही लाथेला दाद देतं. खरं बोलतं ते गार इंजिन. हा नियमही दादाचाच.

वैद्य म्हणाला, "साहेब, आज गाडी चालवलीत?"

"रविवारी चालू केली होती. दर रविवारी करतो. त्यानंतर हात नाही लावला."

"मग ही गरम कशी?"

कंपाउंडरने खांदे उडवले. "चाळीस वर्षं लोकांना इंजेक्शनं दिली मी. आजवर कुणी सुई तपासून घेतली नाही."

"सुईवर बसून पन्नास किलोमीटर जायचं नव्हतं त्यांना."

"बरं बाबा. बसा मग. गार होऊ दे. तोवर चहा घ्या, तो तरी गरमच बरा."

वैद्याचा हिशोब सरळ होता. रस्ता रात्रीचा. मध्ये वीस किलोमीटर वस्ती नाही. इंजिनचा काही दोष लपवलेला असला आणि गाडी तिथे बंद पडली, तर अख्खी रात्र गेली. आणि दादाच्या हाती किती रात्री उरल्या होत्या? त्यापेक्षा इथे तासभर बसलेलं परवडलं. एक तास. फार तर सव्वा.

नऊ वाजता त्याने हात लावला. गरम.

साडेनऊला लावला. तेवढंच गरम. कमी नाही, जास्त नाही.

दहाला वहिनीचा फोन आला. "भावजी, कुठे आहात? यांना ताप भरलाय. सात-साडेसातपासून. अंगाला हात लाववत नाही. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा."

"निघतोच आहे वहिनी. इंजिन गार व्हायची वाट बघतोय. गरम इंजिनचा सौदा..."

"कसलं इंजिन घेऊन बसलात?" वहिनी कधी आवाज चढवत नसे. "हे दाराकडे बघत पडलेत. मघापासून. पापणीसुद्धा हलवत नाहीत. तुम्ही नुसते या. गाडी राहू दे तिकडे."

"अर्धा तास. नुसता आलो तर दादाला काय ऐकवू वहिनी? अर्ध्या तासात निघतो."

पलीकडे पट्टी पिळल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

आता तुम्ही म्हणाल, उठायचं होतं. त्याच्या जागी तुम्हीही उठला नसता. ज्याच्याकडून नियम शिकला, त्याच्यासाठीच गाडी न्यायची होती. ती नियमाने न्यायची नाही तर कशी?

साडेदहाला कंपाउंडर खुर्ची जवळ ओढून बसला. बराच वेळ त्याने चष्म्याची काच पुसली. मग हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू? तुम्ही मला खोटारडा ठरवलंच आहे, मग सांगून टाकतो. ही अशी लागते. कधीकधी. संध्याकाळी चादर नीट करायला जावं तर कोमट."

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून. मार्च असेल." तो थांबला. "पण इतकी गरम... आजच."

"म्हणून विकताय?"

"एकटा राहतो मी. रात्री खोलीत काय आहे हे न विचारता झोपायला आवडतं मला."

वैद्य मनात म्हणाला, पक्का बनेल माणूस आहे. गोष्टीसुद्धा तयार ठेवल्यात.

त्याने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. बंद गाडी ऐकण्यात अर्थ नसतो, हे त्याला माहीत होतं. तरी टोक इंजिनला टेकवलं. मूठ कानाला लावली. डोळे मिटले.

आत काहीतरी चालू होतं.

फिरत नव्हतं. सरकत होतं. हळू. थांबून थांबून. आत... बाहेर. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा... आत.

त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही.

भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजले. अकरा पाच.

मग वैद्याने पुन्हा तळहात ठेवला. आणि हाताखालीच ते इंजिन गार झालं.

हळूहळू नाही. एकदम. लोखंड होतं, ते पुन्हा नुसतं लोखंड झालं.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"झाली गार!" वैद्य म्हणाला. आनंदाने म्हणाला, पोरांनो. हे तो मला सांगताना दोनदा थांबला. "मी हसलो होतो," म्हणाला. "टाळी दिली कंपाउंडरला."

पहिल्याच लाथेला गाडी सुरू झाली. ठोका स्वच्छ, दोष कसलाच नाही. व्यवहार आटपला, कागद खिशात गेले, अकरा पंचवीसला वैद्य रस्त्याला लागला.

पहिले दहा किलोमीटर मजेत गेले. थंडी होती, चांदणं होतं, रस्ता मोकळा. कालव्याचा पूल ओलांडला आणि गाडी मागे बसली.

म्हणजे अशी, मागच्या सीटवर कुणी बसलं की स्प्रिंग दबते, तशी.

वैद्य थांबला. खाली उतरला. टायर दाबून पाहिला. टणक. मागची सीट रिकामी. रस्ता रिकामा.

पुन्हा बसला. गाडी हलकी. क्लच सोडला, चार हात गेला... पुन्हा बसली.

त्याने वेग वाढवला नाही. कमीही केला नाही. जुन्या गाडीला आरसे नव्हते.

पुढे चढ लागला. लांब चढ. वैद्याचं लक्ष गाडीत नव्हतं. वरच्याच गियरमध्ये इंजिन कण्हायला लागलं, तरी त्याला भान नाही.

खांद्यावर दोन थापा पडल्या.

पाय आपसूक हलला. गियर खाली आला. इंजिन मोकळं झालं, चढ निघून गेला.

मग त्याला कळलं, आपण काय केलं.

"दादा?"

नुसता वारा...

"दादा, घरी आहेस ना रे?"

काही नाही. वजन तेवढंच.

मी त्याला विचारलं होतं, मागे वळून का नाही पाहिलंस? भीती वाटली? तो म्हणाला, "वाटली. मागे कुणी नसलं तर, याची."

उरलेला रस्ता तो तसाच आला. सरळ बसून. मान न वळवता. खड्डा आला की वेग कमी करत. मागे माणूस असल्यावर करतो तसा.

पाऊण वाजता तो गल्लीत वळला. घरासमोर गाडी उभी केली आणि इंजिन मुद्दाम चालू ठेवलं. दादाला ऐकू जावं म्हणून. त्याच क्षणी गाडी उजवीकडे किंचित झुकली. कुणी उतरताना झुकते, तशी. मग सरळ झाली. हलकी झाली.

घरातले सगळे दिवे लागलेले होते. दारात शेजाऱ्यांच्या चपला. वहिनी उंबऱ्याशी उभी.

"वहिनी, आणली. ऐकू गेली ना त्याला?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"भावजी... अकरा दहाला." तिला पुढचं बोलता येईना. दादाच्या मुलीने तिचा हात धरला. "अंग नुसतं भट्टीसारखं होतं हो संध्याकाळपासून. आणि माझ्या हाताखाली... एकदम... गार."

वैद्य तिथेच पायरीवर बसला. बाहेर इंजिन ठोके देत होतं. कुणी जाऊन ते बंद केलं नाही. पेट्रोल संपेपर्यंत चालत राहिलं, मग आपोआप थांबलं.

पहाटे अंग पुसायची वेळ आली. वहिनीने ओलं फडकं पिळलं आणि वैद्याच्या हातात दिलं. "पाय तुम्ही पुसा. तुमचाच मान."

त्याने पायावरची चादर बाजूला केली. डावा पाय पुसला. मग उजवा हातात घेतला. आठ महिन्यांत न हललेला. काडीसारखा झालेला. तळव्याला मातीसुद्धा न लागलेला.

तो थांबला.

"वहिनी, गरम पाण्याची पिशवी ठेवली होती पायाशी?"

"ताप होता त्यांना. पिशवी कशाला ठेवू?"

"दिवा? निखारा? काही?"

"नाही हो. का?"

वैद्याने दिवा जवळ घेतला. पोटरीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, एक आडवा चट्टा होता. बोटभर लांब, लालभडक. घाईत उतरताना तापलेल्या सायलेन्सरला पाय लागला की उठतो, तसा. त्यावर पाण्याचा फोड धरला होता, आणि तो अजून फुटलेला नव्हता.