मोकळी जागा

हंबीरराव दुपारी तीनच्या सुमाराला घरातून निघाले ते एक फोटोप्रदर्शन बघायला. पेपरात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाला कोण बोलावतं? बायको गेल्यापासून तर फोनही वाजत नसे. तरी पंधरवड्याला एकदा ते नव्या फोटोग्राफरांवर, चित्रकारांवर तावातावाने चारशे शब्द लिहीत आणि पेपरात जागा उरली तर ते छापून येत. चौकाचौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक झळकतात आणि खरं काम करणाऱ्या पोराला एक भिंत मिळत नाही, हा त्यांचा जुना संताप.

रंकाळ्याजवळचा तो हॉल रिकामा होता. ताज्या चुन्याचा ओलसर वास. वर एक पंखा कटकट करत फिरत होता. टेबलापाशी फरहान बसला होता. पंचविशीतला, कोडोलीचा, प्रदर्शन त्याचंच.

"या काका. चार दिवसांत तुम्ही अकरावे."

"अकरावा? आणि त्या फलकाखाली सेल्फी काढायला शंभर! लाज वाटत नाही या गावाला!"

"वरडू नका की. त्या अकरातली दोघं नुसती पंख्याखाली बसाय आल्ती."

हंबीरराव फोटोंकडे वळले. बिद्रीचा बाजार. पावसातलं चंदगडचं एसटी स्टँड. लग्नातली पंगत. प्रत्येक फोटोत गर्दी, आणि त्या गर्दीच्या मधोमध तोच एक माणूस. डोक्याला पांढरी टोपी, काखेत घडी घातलेला पेपर. लोक त्याच्याकडे पाठ करून, हातभर अंतर राखून उभे. इतका एकटा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"फरहान, हा टोपीवाला कोण रे? सगळीकडं आहे."

"कुठला टोपीवाला?"

"हा काय. मधोमध."

फरहान हसला. "काका, तिथं कोण न्हाय. तीच तर गंमत हाय. गर्दी कसलीबी असूद्या, माणसं एक जागा सोडूनच उभी ऱ्हात्यात. का, ते मला कळंना झालंय. दोन वर्षं तीच जागा हुडकत फिरतोय."

हंबीररावांनी चष्मा पुसला. माणूस तिथंच होता. आणि तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता.

तीस वर्षांपूर्वी निधनवार्तांचं पान त्यांच्याकडे होतं. गावोगावचे वार्ताहर निधनाचे, सत्काराचे असे सगळे पासपोर्ट साइजचे फोटो एकाच पाकिटातून पाठवत, मागं पेन्सिलीनं नाव लिहून. एकदा डिंकानं दोन फोटो एकमेकांना चिकटले. बातमी आली आकाराम नावाच्या माणसाच्या मरणाची, फोटो छापला गेला भलत्याचाच. तिसऱ्या दिवशी तो माणूस पेपरची घडी घेऊन ऑफिसात आला. "सायेब, ह्यो मी हाय. मी मेलो न्हाय." हंबीरराव मान वर न करता म्हणाले होते, "बघू. बसा तिकडं." तो चार दिवस बाकावर येऊन बसला. मग यायचा थांबला. खुलासा छापायचा राहूनच गेला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा रेंगाळत थांबला. खिडकीतल्या मळकट उजेडात फोटोंच्या काचा तेवढ्या दिसत होत्या. पंगतीच्या फोटोत तो मघाशी खाली बघत होता... आता समोर बघत होता.

हंबीररावांनी पेपरच्या ऑफिसला फोन लावला. शबनूर नावाच्या उपसंपादक मुलीनं उचलला.

"एक खुलासा छापायचाय. जुनी चूक आहे. माझी."

"छापू की सर. त्यांचं नाव सांगा."

छापलं होतं ते नाव मेलेल्याचं. या माणसाचं नाव... त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"सर? हॅलो?"

फोन बंद करून ते काचेजवळ गेले. हलकेच म्हणाले, "पावणं... नाव काय तुमचं?"

मागं कागद सळसळला. छपाईच्या शाईचा वास आला. अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, "आत्ता इचारतासा व्हय?"

"सांगा... उद्याच छापतो."



लाइट आली. पंखा पुन्हा कटकटू लागला. कॉलेजच्या सात-आठ मुली हसत आत आल्या आणि फोटोंपुढं उभ्या राहिल्या. फरहान कॅमेरा घेऊन उठला, इकडंतिकडं बघत. "काका? आरं, न सांगताच गेलं की."

"मी इथंच आहे रे," हंबीरराव म्हणाले. त्यांच्यापासून दोन पावलांवर उभ्या असलेल्या फरहाननं कॅमेरा डोळ्याला लावला, थेट त्यांच्यावर रोखला आणि खटका दाबला. मग स्क्रीन बघून त्याचा चेहरा खुलला.

"घावली! हॉलातबी ती जागा घावली की!"

मुली हातभर अंतर राखून, त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. हंबीररावांना काखेत काहीतरी टोचलं. त्यांनी चाचपून पाहिलं. घडी घातलेला पेपर होता, शाई अजून ओली.

घरातून निघताना त्यांनी पेपर घेतलेला नव्हता.