टेबलावरच्या टाकीतला श्वास

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. खोटी वाटली तर आमच्या दाजींना विचारा. ते तोंडातून अक्षर काढणार नाहीत, पण त्यांचा चेहरा बघा म्हणजे झालं.

आणि भुताला अमावास्येची रात्र लागते, असं कुणी सांगितलं असेल तर तेही डोक्यातून काढा. हे भर दुपारी घडलं. जेवणाची सुट्टी नुकती संपलेली. बाहेर लख्ख ऊन. बंदरामागची सरकारी इमारत, दुसरा मजला, जिन्याशेजारची तपासणीची खोली.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारणारं कुणी दगावलं, की त्याचं सामान यांच्या टेबलावर येतं. टाकी, तिची हवा उघडायची-बंद करायची चावी, नळी, तोंडात धरायचा रबरी तुकडा, हवा दाखवणारा काटा.

ताई म्हणते, "मेलेल्यांच्या टाक्या तपासता, घरच्या गॅसची नळी कोण तपासणार?"

दाजी म्हणतात, "अगं, गेलेल्यासाठी नाही तपासत. उद्या जो उतरणार आहे, त्याच्यासाठी तपासतो."

त्या दिवशी हा 'उद्या' अगदी दारात येऊन उभा होता.

दोन भाऊ बुडी शिकवायची शाळा चालवायचे. दोघं मिळून खाली गेले. धाकटा वर आला. थोरल्याला वर आणावं लागलं. आणि तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हाच धाकटा नव्या शिकाऊंना घेऊन पाण्यात उतरणार होता. कारण सापडलं नाही तर त्याला अडवायचं कशाच्या जोरावर?

व्हरांड्यातल्या बाकाच्या एका टोकाला धाकटा बसला होता. दुसऱ्या टोकाला थोरल्याची बायको.

"दोघं गेलात, मग एकटेच कसे आलात हो, भावोजी?"

"वहिनी, किती वेळा सांगू? वळून बघितलं तर दादा तळाशी..."

"शाळा हवी होती ना? मिळाली. आता पाटी तेवढी बदला."

धाकटा तळहात सारखे पँटला पुसत होता. बाई रुमाल सारखा डोळ्यांना लावत होत्या.

रुमाल मात्र कोरडा होता.

दाजींनी दोन्ही बघून ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

टाकी टेबलावर आडवी होती. सापडली तशीच. चावीला कुणी हात लावायचा नाही, असा नियमच आहे. हवा निम्मी शिल्लक. काटा स्थिर. निम्मी हवा पाठीवर असताना माणूस गुदमरून मेला होता.

दाजी चष्मा पुसून खाली वाकले, तोच...

स्स्स...

बारीक आवाज. रबरी तुकड्यातून.

काटा खाली गेला. आणि परत वर आला.

गळती असणार. दाजींनी साबणाचं पाणी सगळीकडे लावून पाहिलं. एक बुडबुडा नाही.

स्स्स...

काटा खाली. जरा थांबला. वर.

आता हे समजून घ्या. तोंडात धरून कुणी हवा ओढली तरच हा काटा असा झोके खातो. तेही मानेमागची चावी जेमतेम उघडी असेल तर. आणि वर, कोरड्या जमिनीवर, इतका मोठा झोका तो घेत नाही.

इतका मोठा झोका खोल पाण्यातलाच.

"कोण आहे?" दाजींनी विचारलं, आणि स्वतःलाच हसले.

हसू अर्ध्यावर राहिलं.

रबरी तुकडा ओला झाला होता. आणि दोन्ही बाजूंनी दबला होता... दात रुतावेत तसा.

दुसरा कुणी असता तर जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला असता. दाजींनी दार उघडलं आणि धाकट्याला आत बोलावलं.

"निघण्याआधी दादांची चावी तपासली होती?"

"हल्ली मीच तपासतो साहेब. आधी त्याची, मग सगळ्या शिकाऊंची."

"दाखवा."

दाजींनी कपाटातली दुसरी टाकी, चावी पूर्ण उघडून, पाठीवर चढवली. पोट आड येत होतं, पट्टा कसाबसा लागला. धाकटा समोर उभा राहिला. खांद्यावरून हात मागे घातला. चावी अडेपर्यंत फिरवली. मग किंचित उलटी.

"झालं. पूर्ण उघडी. अडकून बसू नये म्हणून जरा मागे."

दाजींनी टाकी उतरवून टेबलावर ठेवली.

"आता मागून बघा."

धाकट्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. समोरून हात घातला की फिरवायची बाजू उलटी होते. त्याने चावी पूर्ण बंद करून केसभर उघडली होती. पाण्याच्या वर हवा नीट येते. खोल गेलं की पुरत नाही.

"म्हणजे दादाला... मी?"

"चुकून."

"आणि उद्या ती सगळी पोरं..."

"उद्या कुणी उतरणार नाही."

धाकटा तोंडावर हात दाबून बाहेर पडला. बाईंच्या समोरून मान खाली घालून, थेट जिना.

कारण सापडलं. दाजींचं काम संपलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं...

स्स्स...

काटा खाली. वर.

अजून काय हवंय याला?

मग दाजींना सुचलं ते सुचायला नको होतं. थोरला मुरलेला गडी. हवा कमी पडतेय म्हटल्यावर हात मागे नेऊन चावी उघडायची, एवढंच तर होतं. झोपेतही केलं असतं त्याने.

"तुम्ही हात मागे का नाही नेलात?" दाजींनी हळूच विचारलं.

काटा थांबला.

खोली चिडीचूप. कुणीतरी श्वास रोखून धरावा तशी.

दाजी वळले. दारात बाई उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

"काही सांगितलं का?"

"हो. चुकून झालं त्यांच्याकडून. चावी..."

"भावोजींचं नाही विचारत मी." बाई टेबलाकडे बघत होत्या. "यांनी काही सांगितलं का?"

दाजींनी पेनचं टोपण परत लावलं.

"नाही."

बाईंचे खांदे सैल झाले. "बरं," म्हणाल्या, आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

पावलं जिना उतरत गेली. अगदी ऐकू येईनाशी झाली.

आणि मग...

स्स्स...

दाजींनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. धीरच झाला नाही.

चावीचं सगळ्या शाळांना कळवलं. नियमाप्रमाणे सामान घरच्यांना परत द्यायला हवं. दाजी देत नाहीत, कपाटात ठेवलंय. बाईंचा फोन आला की म्हणतात, तपास चालू आहे. ताई चिडते, "अहो, सापडलं ना कारण? आणखी काय कोळसा उगाळताय?"

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. बाईंचा आवाज गोड होता.

"साहेब, शाळा परत सुरू केली आम्ही. भावोजी बिचारे घाबरलेत हो, पण माझ्या शब्दाबाहेर नाहीत. आता चावी नीट बघतात. आणि पट्टे मीच आवळून देते. यांचेही त्या दिवशी मीच आवळले... चांगले घट्ट."

दाजींनी फोन खाली ठेवला. पट्टे फार घट्ट असले तर हात खांद्यामागे जात नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

बंद कपाटातून आवाज आला. या वेळी सावकाश नव्हता.

स्स्स स्स्स स्स्स...

धाकट्याला फोन करावा असं दाजींना रोज वाटतं. नंबर लावतातही.

पण त्याला सांगणार काय? आणि कुणी सांगितलं म्हणून सांगणार?