गुळवेलीची ओळख

तिसऱ्या दालनाचं दार सहाव्यांदाही उघडलं नाही, तेव्हा ऋजुता सबनीसने कळफलकावरून हात काढला. गंधमापकाचा काटा लाल पट्ट्यातून हलत नव्हता. चंद्रवस्तीतल्या एकशे ब्याऐंशी माणसांना प्राणवायू देणारी गुळवेल इथे छतापर्यंत चढली होती, आणि या दालनातली तिची सगळी पर्णरंध्रं मिटली होती. आत अडकलेल्या दोघींना हवा पुरणार होती जेमतेम नऊ तास.

"किती तोडलीत?" चांगुणा वाघमारेने विचारलं. रायगडातल्या कातकरी वाडीवरची ही झाडपाल्याची जाणकार वस्तीने वेल सांभाळायला आणली होती.

"चाळीस नमुने."

"आजारी एक नि काढा गावजेवणाचा? आदल्या दिशी तांदूळ ठेवून तिला सांगितलंत तरी?"

"वेलीला काय सांगायचं, मावशी? तुटली की ती वेदनागंध सोडते. तो दुसऱ्या दालनात गेला तर तिथलीही पर्णरंध्रं मिटतील, म्हणून दार आपोआप बंद होतं. तासाभरात गंध विरतो. आज चार तास झाले."

"विरंल कसा? तोडणारी अजून हितंच हाय. आमच्यात मुळी काढणारा पंधरा दिस त्या रानात फिरकत नाय."

ऋजुताला हसू येणार होतं.

"त्या टोकाला जा बरं," हातातला छोटा मापक बघत चांगुणा म्हणाली.

ऋजुता लांब गेली तसा काटा घसरला. जवळ आली, चढला. तीनदा करून पाहिलं.

"उच्छ्वास," ऋजुता हळूच म्हणाली. "प्रत्येकाच्या उच्छ्वासातलं रसायनांचं मिश्रण वेगळं असतं. वेलीने माझं लक्षात ठेवलंय. श्वासस्मृती म्हणता येईल."

"आमी ओळख म्हनतो."

भिंतीवर आणीबाणीचा एकच बंद-श्वास मुखवटा होता, चाळीस मिनिटांचा. त्यातून उच्छ्वास बाहेर पडत नसे. ऋजुताने तो चढवला आणि जमिनीवर बसून राहिली. एकोणतिसाव्या मिनिटाला काटा लाल पट्ट्यातून उतरला. दार सरकलं.

मार्गिकेत येताच तिने मुखवटा ओढून काढला आणि छाती भरून श्वास घेतला. दोन्ही भिंतींवर गुळवेलीची पानं होती. चांगुणाच्या हातातला काटा चढू लागला. समोरचं दार आपोआप मिटलं.

"पण इथे मी एक पानही तोडलं नाही."

"पयल्या दिशी तुमीच सांगितलंत ना, एका कांडीपासनं सगळी वस्ती हिरवी केली? मुळं खालनं जोडलेली. वेल एकच हाय." चांगुणाने तिच्या हातातला मुखवटा घेऊन पुन्हा तिच्या तोंडावर बसवला. "आता बोलू नका. दम जपून घ्या."

अकरा मिनिटं उरली होती. परतीचं यान चार महिन्यांनी येणार होतं. ऋजुताने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून एकेक खोली तपासली.

गुळवेल नसलेली एकच होती, यानतळाची. तिथे हवा नव्हती.