शिंगाळ्याचा काटा

"मनस्वीच्या अंगात ताप आहे, आणि तुम्ही आजही चाललात?"

दीपाली पाच महिन्यांची लेक खांद्यावर टाकून दारातच उभी होती. दमयंतीबाईंनी चपला पायात सरकवल्या, पिशवी उचलली आणि सुनेच्या नजरेला नजर न देता म्हणाल्या, "औषध दिलंय मी. चारपर्यंत उतरेल. साडेपाचला मी परत येते."

"कुठून परत येणार, ते तरी सांगा."

त्या पायरी उतरल्या. गेले सात महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, हे असंच चाललं होतं. मुलगा ओमकार बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. दोघींच्या मध्ये पडायला घरात तिसरं माणूस नव्हतं. "जगाची सेवा करायला तुम्हाला बरा वेळ मिळतो," दीपाली मागून म्हणाली. "मला माहेर उरलेलं नाही, आई. मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" ते शब्द दमयंतीबाईंच्या काळजात रुतले... कारण त्या निघाल्या होत्या, ते तिच्या माहेरीच.

दीपालीचे वडील हरिश्चंद्र पूर्णगडचे मासेमार. मुलीने ख्रिस्ती घरात लग्न केलं त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव टाकलं होतं. सुनेला सातवा लागला तेव्हा दमयंतीबाई मोठ्या आशेने त्यांना भेटायला गेल्या, आणि पाहतात तर काय, तो विधुर माणूस पडवीत एकटाच कण्हत पडलेला. जाळं सोडवताना शिंगाळा माशाचा काटा पायात गेला होता, त्यात मधुमेह, आणि वर हळद-चुन्याचा लेप थापलेला. तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून राबलेल्या बाईला तिथून पाठ फिरवणं जमलंच नसतं. त्यांनी पाणी उकळलं, जखम धुतली, पट्टी बांधली.

"केलात ते बरा केलात," हरिश्चंद्र भिंतीकडे बघत म्हणाले, "पण तिचा विषय माझ्याकडे काढायचा नाय."

दमयंतीबाईंनी तो काढला नाही. आणि घरीही अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यांचे वडील चर्चच्या मंडळीत उपदेशक होते. बोलून दाखवलेली सेवा देवापर्यंत पोचत नाही, हे त्यांनी लेकीच्या मनावर लहानपणीच कोरलं होतं. ती आज्ञा दमयंतीबाईंनी जन्मभर पाळली. पाळताना एक गोड समाधानही मिळत असे, ते मात्र त्या स्वतःशीसुद्धा कबूल करत नसत... सून टोचून बोलली की मनात म्हणायच्या, प्रभो, तू जाणतोस, आणि मग त्यांना आपण फार सोशीक, फार थोर असल्यासारखं वाटायचं. माणसाला मोठेपणा कुठून कुठून मिळवता येतो, याला काही सुमार नाही.

मनस्वीला ताप होता त्या शुक्रवारी दमयंतीबाईंनी पट्टी सोडली आणि वासावरूनच काय ते ओळखलं. दोन बोटं काळी पडली होती. दवाखान्यात चला म्हणून आजवर त्यांनी किती विनवण्या केल्या होत्या, पण परक्या बाईचं ऐकतील तर ते हरिश्चंद्र कसले! आज मात्र दमयंतीबाईंनी शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना रिक्षात घातलं आणि थेट रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात आणलं.

"पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, सोमवारी," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने आधी आला असतात तर दोन बोटांवर निभावलं असतं. जवळच्या नातेवाइकाची सही लागेल."

डॉक्टर गेल्यावर हरिश्चंद्र हळूच म्हणाले, "एक विचारू, बाई? सात महिने ती तुम्हाला धाडते माझ्याकडे. मग स्वतः एकदापण का नाय आली?"

दमयंतीबाईंनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. "ती... मला धाडते?"

"मग काय! तुमचा-माझा काय संबंध? पोरगीच धाडणार. म्हणून तर पाय पुढे केला मी."

सात महिने हा म्हातारा लेकीची माया समजून पट्टी बांधून घेत होता, आणि लेक तिकडे बापाने टाकलं म्हणून उशी भिजवत होती... आणि मध्ये आपण, तोंड शिवून, पुण्य करत बसलेल्या. "येते मी," एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या.

मनस्वीचा ताप उतरला होता, पण शनिवारचा दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. दीपालीला हाक मारायच्या आणि मीठ कुठे ठेवलंय ते विचारायच्या. तीन वेळा तिच्या खोलीपर्यंत गेल्या, तीन वेळा परतल्या. प्रार्थनेला गुडघे टेकले आणि अर्ध्यावरच उठल्या.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या स्मरणार्थ भाकर वाटून घेण्याचा विधी. त्यांच्या मंडळीत जुनी रीत होती की भाकर घेण्याआधी पाळकसाहेब थोडं थांबत, आणि ज्यांच्यात काही बिनसलं असेल ते आपापल्या जागेवरून उठून एकमेकांची क्षमा मागत. दमयंतीबाई दरवेळी त्या शांततेत निश्चिंत बसत. आपलं कोणाशी वाकडं नाही, अशी त्यांची खात्री होती. आज ती शांतता त्यांना सोसवेना. ताट त्यांच्यापर्यंत यायच्या आत त्या उठल्या आणि भरल्या चर्चमधून, लोकांच्या माना वळत असताना, सरळ बाहेर चालत्या झाल्या.

घरी पोचल्यावर त्यांनी पदरसुद्धा सावरला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

दीपाली ऐकता ऐकता पांढरीफटक पडली. "सात महिने... माझ्या बाबांचा पाय सडत होता, आणि तुम्ही मला मीठ कुठे आहे ते विचारत होतात? तुमचा देव हे शिकवतो?"

"नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्यांनी त्या पुसल्या नाहीत. "त्याने शिकवलं त्यातलं मला शोभणारं तेवढंच मी ऐकलं. उठून माणसाशी बोल, हेही तोच सांगत होता. चूक माझी आहे, दीपाली. तू म्हणशील ते मी भोगीन. पण आत्ता चल."

वॉर्डात दीपाली दारापाशीच थबकली. मग धावत जाऊन वडिलांच्या छातीवर कोसळली. म्हाताऱ्याचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. "आलीस गो बाय..." बऱ्याच वेळाने त्यांनी खाटेच्या पायथ्याशी, मनस्वीला घेऊन, अपराध्यासारख्या उभ्या असलेल्या दमयंतीबाईंकडे पाहिलं. लेक सासूकडे पाठ करून बसली आहे, हे त्यांनी ओळखलं असावं.

"ह्यांना बोल लावू नको," ते म्हणाले. "मीच शपथ घातली होती. तुला कळलं तर पायाला हात लावून देणार नाय, म्हटलं होतं."

दमयंतीबाई चमकल्या. असं काहीच घडलं नव्हतं. जन्मात कोणापुढे न वाकलेला हा माणूस त्यांच्यासाठी चक्क खोटं बोलत होता... नुसतं गप्प राहिलं की सुटका होती. गप्प राहण्यात तर त्यांचा हातखंडा होता.

"शपथ नव्हती गं," त्या कशाबशा बोलल्या. "त्यांनी कधी घातली नाही. मीच बोलले नाही."

दीपालीने वडिलांकडे पाहिलं, मग सासूकडे. रडताना तिच्या तोंडातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. तिने नर्सकडून कागद घेतला, सही केली आणि मनस्वीला घ्यायला हात पुढे केले.

"उद्या आत ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तुम्ही जा, आई," ती म्हणाली. "मला बघवणार नाही. पण बाहेर आलात की सगळं सांगायचं मला. एक शब्द गाळायचा नाही."

"सांगेन," दमयंतीबाई म्हणाल्या.