ऑर्विल, एडना आणि साडेपाचची स्टाफ बस

एक डिसेंबरला दुबईतल्या जबल अलीहून सुटलेल्या साडेपाचच्या स्टाफ बसमध्ये एकाएकी दोन-तीनशे अमेरिकन माणसं खदाखदा हसली.

बसमध्ये होती बावीस माणसं, आणि त्यांच्यापैकी कुणालाही हसू यावं असं दिवसभरात काही घडलेलं नव्हतं. सगळ्यांनी पुढे बसलेल्या जोसेफिन तुस्कानोकडे पाहिलं. तिच्या इअरफोनची पिन फोनमधून निसटली होती. ती पिन परत खोचेपर्यंत अमेरिकन माणसं आणखी दोनदा हसली. ड्रायव्हर खैरुद्दीननं आरशातून बघत म्हटलं, "मॅडम, थोडा कम."

आणि मागच्या सीटवरून कुणीतरी मराठीत विचारलं, "एवढी कशाला हसतायत ती माणसं?"

जोसेफिननं मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. मागे बसायचा तो समाधान साळुंखे, वेअरहाऊसचा स्टोअरकीपर, आटपाडीकडचा. ती कंपनीच्या एचआरमध्ये. त्याचा रक्तगट, पासपोर्ट कधी संपतो आणि लग्न झालेलं नाही, हे सगळं तिला सहा वर्षं माहीत होतं. आवाज तेवढा माहीत नव्हता.

"रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम आहे," ती समोर बघत म्हणाली. "ऐंशी वर्षांपूर्वीचा. ख्रिसमसचा भाग."

"फक्त ख्रिसमसचेच ऐकता?"

"बाकीचं वर्ष मला कामं असतात."

हे तिनं विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. तोही हसला नाही. बस वेअरहाऊसच्या रांगांतून बाहेर पडली, उन्हाचा शेवटचा पट्टा काचेवरच्या धुळीत अडकला... आणि जरा वेळानं त्यानं विचारलं, "मला सांगाल काय त्यात काय चाललंय ते?"

या बसचा एक नियम होता. पुढच्या दोन रांगा बायकांच्या. बसमध्ये बाई एकच, जोसेफिन. म्हणजे तिला आठ सीटा. एकवीस पुरुष तिसऱ्या रांगेपासून मागे, आणि कुणी चुकून पुढे सरकलाच तर खैरुद्दीन गाडी थांबवायचा. त्यामुळे पुढचे तेवीस दिवस असे गेले: ती दुसऱ्या रांगेत, तो तिच्या बरोबर मागे. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं सीटच्या फटीतून त्याच्या कानात. ती रस्त्याकडे बघत हळू आवाजात मराठीत सांगायची – तो पुढे झुकून ऐकायचा. तिला त्याचा श्वास ऐकू यायचा, त्याला तिचा कान आणि अर्धी वेणी दिसायची. एवढ्यावर लोक आयुष्यं काढतात. यांच्याकडे चाळीस मिनिटं होती.

ऑर्विल आणि एडना हे कार्यक्रमातलं जोडपं. दर ख्रिसमसला ऑर्विल भेटवस्तू विसरायचा, एडना टर्की जाळायची, नको तो शेजारी जेवायला यायचा, मध्येच साबणाची जाहिरात व्हायची आणि एकोणतिसाव्या मिनिटाला सगळे एकमेकांच्या गळ्यात. बर्फातून चालण्याचा आवाज स्टुडिओत कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबून काढत, हे तिनं सांगितल्यावर समाधान म्हणाला की त्याच्या रॅकवर तसल्या चारशे पिशव्या आहेत, एवढ्या मालात जबल अलीत बर्फ पडेल.

तो नेहमी उशिरा हसायचा. आधी अमेरिकन माणसं हसायची, मग जोसेफिन सांगायची, आणि ती सगळी गप्प झाल्यावर मागून एकटा समाधान हसायचा. जोसेफिनला त्या हसण्याची सवय लागली.

खरं म्हणजे तिला निम्मे विनोद कळायचेच नाहीत. रेशनची कुपनं, कुठले कुठले नगराध्यक्ष... अकरा वर्षं ती ते न कळता ऐकत आली होती. दुबईतल्या पहिल्या ख्रिसमसला कॅरल्स शोधताना फोननं तिच्यापुढे हे आणून ठेवलं, आणि एवढी माणसं एकत्र हसतायत हे तिला पुरलं. त्यातली बहुतेक आता हयात नसणार. पण तिच्या ओळखीत त्या संध्याकाळी हसणारी तेवढीच होती. आता मात्र समाधानला अर्थ सांगायचा होता. मग जिथं अडेल तिथं ती स्वतःचं घालू लागली. एडनाची आई तिच्याच नायगावची झाली, सुकटीवरून भांडू लागली. ऑर्विल व्हिसाच्या कागदांसाठी टायपिंग सेंटरच्या रांगेत उभा राहून चुकीचा फॉर्म भरू लागला. चोरी उघडी पडायची शक्यता नव्हती. समाधानला तेवढं इंग्रजी येत नव्हतं, हे त्याच्या फाइलमध्येच लिहिलेलं होतं.

मग पंधरा तारखेला तिच्या बदलीचं पत्र निघालं. असली पत्रं एचआर काढतं, म्हणजे ते तिनंच टाइप केलं. एक जानेवारीपासून अबू धाबी ऑफिस; अल रीम आयलंडवर चौतिसाव्या मजल्यावर घर; ऑफिस चालत दहा मिनिटं. बस नाही. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

चोवीस तारखेची शेवटची फेरी. त्यानंतर तिची सुट्टी होती आणि सामान हलवायचं होतं. बाहेर थोडासा पाऊस भुरभुरत होता, वायपर काचेवर चिखलाच्या कमानी काढत होते. समाधाननं घराबद्दल विचारलं. समुद्र दिसतो म्हणे, ती म्हणाली. वर कोण कोण असणार, त्यानं विचारलं. त्यावर तिनं भाग सुरू केला.

टर्की जळली. शेजारी आला. कानात लोक हसत होते आणि जोसेफिनला एकही वाक्य नीट ऐकू येत नव्हतं.

"एडना म्हणते..." ती थांबली. "एडना म्हणते, मी दुसऱ्या गावी राहायला चाललेय. दूर नाही तसं. बस असते. तर सुट्टीच्या दिवशी तू येशील का... म्हणजे, यायची इच्छा असली तर."

मागून हसू आलं नाही. मग त्यानं कानातलं टोक काढलं.

"मॅडम, हा भाग मी तीनदा ऐकलाय."

वायपर दोन वेळा गेले.

"तिसऱ्या दिवसापासनं सगळे ऐकतोय. रूमवर. स्पीड कमी करून. नेटवर लिहिलेलं पण मिळतं. ह्यात एडना कुठं जात नाही. टर्की जळते, साबण येतो, खलास."

जोसेफिनच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि नेमक्या त्याच त्याला दिसत होत्या. "मग रोज माझ्याकडून कशाला ऐकत होता?"

"त्यांच्यापेक्षा तुमची माणसं बरी आहेत. मी तुमच्यावरच हसायचो... म्हणजे, तुमच्या विनोदांवर." तो जरा घुटमळला. "आता एडनानं जे विचारलं, त्याचं उत्तर ऑर्विलनं द्यायचं, का मी?"

"तो वारून साठ वर्षं झाली, समाधान," ती म्हणाली. "तुम्हीच द्या." आणि मग, आवाज शक्य तितका सरळ ठेवत, "मला तिथं एकटीला नको वाटतंय. इथंही नको वाटायचं. पण डिसेंबरात नाही वाटलं."

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या वळणावर बस हळू झाली. तिचा स्टॉप पहिला.

"ह्या रविवारी जमणार नाही," समाधान म्हणाला. "स्टॉकटेकिंग आहे. पुढच्या येतो. चार तारखेला. आणि मग... दर रविवारी आलो तर चालेल काय?"

खैरुद्दीननं दार उघडून "यल्ला मॅडम, चलो" म्हटलं. जोसेफिन उठली आणि तेवीस दिवसांत पहिल्यांदाच मागे वळून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर नक्की काय आहे ते तिला कळेना, आणि इथं आधी हसून दाखवणारं कुणी नव्हतं.

"जेवायलाच या," ती म्हणाली, आणि पावसात उतरली.